मानेशी जोडलेले जबड्याचे दुखणे : कायरोप्रॅक्टिक उपचार घेण्यापूर्वी आणि घेताना

कानाच्या पुढे, जबड्याच्या सांध्यापाशी दुखू लागले की माणूस आधी दंतवैद्याकडे जातो आणि ते योग्यच आहे. पण दातांच्या एक्स-रेमध्ये काही सापडत नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञ कानही स्वच्छ असल्याचे सांगतात आणि तरीही जांभई देताना कळ येते, सकाळी उठल्यावर जबडा जखडलेला असतो आणि त्याच बाजूची मानही आखडलेली असते, अशा टप्प्यावर पोहोचलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. नेमक्या याच टप्प्यावर कोणीतरी मान ‘कट्’कन मोडून घेतल्याचा व्हिडिओ पाठवते किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या सभागृहात कायरोप्रॅक्टिकचे, म्हणजे मणके व सांध्यांवर हातांनी केलेल्या उपचारांचे, शिबिर भरणार असल्याचा निरोप सोसायटीच्या गटावर येतो. जबड्याच्या दुखण्यामागे मान असू शकते आणि हातांनी केलेल्या उपचारांचा उपयोगही होऊ शकतो. मात्र क्रम चुकता कामा नये. आधी निदान, मग मानेचा संबंध आहे की नाही याची तपासणी, त्यानंतर हळुवार उपचार आणि व्यायाम. मानेला दिलेला झटका या क्रमात सर्वांत शेवटी येतो आणि बहुतेक रुग्णांना तिथवर जाण्याची गरजच पडत नाही.

जबड्याचा आणि मानेचा संबंध

जबड्याचा सांधा कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे असतो. दोन्ही बाजूंना तिथे बोट ठेवून तोंड उघडल्यास खालच्या जबड्याच्या हाडाचा गोलसर माथा हलताना जाणवतो. तोंड थोडे उघडताना हा माथा जागच्या जागी फिरतो आणि आणखी उघडताना टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. हा माथा आणि कवटी यांच्यामध्ये एक लहानशी चकती असते व तीही त्याच्याबरोबर सरकते. ही चकती आपल्या जागेवरून थोडी पुढे घसरलेली असली, तर तोंड उघडताना ती पुन्हा माथ्यावर बसते आणि त्या वेळी आवाज येतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर अशा नुसत्या आवाजासाठी कोणत्याही उपचाराची गरज नसते. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, केवळ आवाजाची धास्ती घेऊन उपचारांच्या मागे लागणारे लोक कमी नाहीत.

मानेचा संबंध येतो तो प्रामुख्याने मज्जातंतूंमधून. चेहरा, दात आणि जबडा यांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस म्हणजे ट्रायजेमिनल नस. तिच्या केंद्राचा वेदना ग्रहण करणारा भाग मेंदूच्या देठातून खाली मानेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीपर्यंत उतरलेला असतो. मानेतून निघणाऱ्या पहिल्या तीन नसांचे वेदनेचे संदेशही तिथेच येऊन पोहोचतात. दोन्हीकडचे संदेश त्याच पेशींवर पडत असल्यामुळे वेदना नेमकी कुठून निघाली हे मेंदूला नीट ओळखता येत नाही. परिणामी मानेच्या वरच्या सांध्यांचे दुखणे कानशिलात, डोळ्यामागे किंवा जबड्याच्या कोपऱ्यात जाणवू शकते आणि जबडा दिवसचे दिवस दुखत राहिला तर मानही दुखू लागते.

स्नायूंची वाटही आहे. कानामागच्या हाडापासून छातीच्या वरच्या टोकापर्यंत तिरपा उतरणारा स्नायू आणि मान व खांदा यांच्यामधला जाड स्नायू, या दोन्हींत गाठीसारखे ताठ आणि दुखरे बिंदू तयार होतात. ते दाबले की कळ कपाळात, कानशिलात किंवा जबड्यात उठते. अशी कळ उठून रुग्णाने ‘हेच माझे दुखणे’ असे म्हणणे, ही तपासणाऱ्यासाठी मोठी खूण असते.

तिसरी वाट बसण्या-उभे राहण्याच्या पद्धतीची. हनुवटी पुढे काढून स्क्रीनकडे पाहताना गळ्याच्या पुढच्या भागातील स्नायू ताणले जातात, ते खालच्या जबड्याला किंचित मागे ओढतात आणि चावण्याचे स्नायू त्याविरुद्ध काम करत राहतात. या मुद्द्याचा मात्र बाजारात अतिरेक झालेला आहे. मान पुढे झुकलेल्या असंख्य लोकांचा जबडा कधीच दुखत नाही, आणि ताठ बसणाऱ्यांचा दुखतो. तेव्हा ‘तुमची मान वाकडी आहे, म्हणून जबडा दुखतो’ असे पहिल्याच भेटीत ठामपणे सांगणाऱ्यापासून जरा सावध राहावे.

आधी काय वगळायचे

जबड्याच्या दुखण्याला मान कारणीभूत आहे असे म्हणण्यापूर्वी काही गोष्टी दूर सारणे अनिवार्य आहे, आणि त्यांतल्या एक-दोन तातडीच्या आहेत. चालताना, जिना चढताना किंवा जड काम करताना जबडा दुखू लागत असेल, थांबल्यावर ते दुखणे कमी होत असेल, सोबत छातीत दडपण, दम, घाम किंवा डाव्या हातात जडपणा असेल, तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत फारसे न दुखता केवळ जबडा, पाठ किंवा मान दुखणेही शक्य असते. अशा वेळी मालिश, शेक किंवा उद्याची अपॉइंटमेंट यांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशिलात दुखू लागले, डोक्याला हात लावला तरी दुखते, घास चावता चावता जबडा थकून दुखतो आणि थांबल्यावर बरा होतो, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा एक आजार तपासावा लागतो. त्यात दृष्टी कायमची जाण्याचा धोका असल्यामुळे नजर अंधूक होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी शक्यता सुपारीची आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी सुपारी, मावा आणि तंबाखू यांची सवय सुटलेली नाही. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचेखाली कडक तंतू तयार होतात, गाल ताठ आणि पांढुरका पडतो आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. मिसळीचा पहिला घास घेताच तोंडाची आग होणे ही त्याची सुरुवातीची खूण असते. हा विकार पुढे कर्करोगाकडे झुकू शकतो. त्यामुळे सुपारी खाणाऱ्या माणसाचे तोंड उघडेनासे झाले असेल, तर मानेचे मणके मोजत बसण्यात अर्थ नाही. त्याने थेट मुखरोग किंवा मुखशल्य तज्ज्ञाकडे जावे. पंचवटीतील दंत महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग त्यासाठी जवळचा आणि परवडणारा पर्याय आहे.

याखेरीज वाढत असलेली अक्कलदाढ, दाताच्या मुळाशी झालेला पू, लाळग्रंथीतील खडा आणि कानाचा संसर्ग यांची तपासणी दंतवैद्य व कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात. क्षणभर विजेचा झटका बसावा तशी कळ येत असेल, दात घासताना किंवा चेहऱ्यावर वारा लागतानाही ती उठत असेल, तर ते ट्रायजेमिनल नसेचे स्वतंत्र दुखणे असू शकते आणि त्याचे औषध मेंदूविकार तज्ज्ञ देतात. ताप, गालावरची सूज, वाढत जाणारी गाठ, विनाकारण घटणारे वजन किंवा चेहऱ्याचा बधिरपणा यांपैकी काहीही असल्यास हाताने करायच्या उपचारांचा विचार नंतर. अलीकडे अपघात झाला असेल, गाडीवरून पडून हनुवटीला मार लागला असेल, तर जबड्याचे हाड मोडलेले नाही याची एक्स-रेने खात्री झाल्याशिवाय कोणालाही जबड्याला किंवा मानेला हात लावू देऊ नये.

घरी करायची तपासणी

वरच्या शक्यता दूर झाल्या की आरशासमोर बसून थोडा वेळ स्वतःकडे पाहावे. तर्जनी, मधले आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक येतील अशी उभी धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये सहज बसतात का, हे पाहावे. प्रौढ माणसाचे तोंड साधारणतः ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. जेमतेम दोनच बोटे बसत असतील तर तोंड कमी उघडते असे समजावे आणि पट्टीने मोजून ती नोंद ठेवावी, कारण पुढे सुधारणा होते आहे की नाही हे याच आकड्यावरून कळणार आहे. तोंड उघडताना हनुवटी सरळ खाली जाते, की एका बाजूला वळते, तेही पाहावे. पूर्वी ‘कट्’ असा आवाज येत होता, तो एके दिवशी अचानक थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड अर्धेच उघडू लागले, तर चकती अडकलेली असण्याची शक्यता असते. त्यात उशीर करू नये.

यानंतर मान. सरळ बसून आधी उजवीकडे आणि मग डावीकडे मान वळवावी, मग कान खांद्याकडे न्यावा, हनुवटी छातीला लावावी आणि शेवटी छताकडे पाहावे. यांपैकी कोणत्या हालचालीने नेहमीची जबड्यातली कळ उठते? मान ज्या बाजूला कमी वळते त्याच बाजूचा जबडा दुखतो का? कवटी आणि मान जिथे मिळतात तिथे अंगठ्याने हलके दाबल्यावर कळ कानाकडे किंवा जबड्याकडे धावते का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ येत असतील, तर मानेचा सहभाग असण्याची शक्यता वाढते. मानेच्या कोणत्याच हालचालीने जबड्यात फरक पडत नसेल आणि केवळ चावतानाच दुखत असेल, तर दुखण्याचे मूळ बहुधा जबड्यातच आहे आणि मानेवरच्या उपचारांकडून फार अपेक्षा ठेवू नये.

एका आठवड्याची नोंद वहीत ठेवली तर तपासणाऱ्याचे निम्मे काम होते. सकाळी उठताच दुखत असेल तर रात्री झोपेत दात खाण्याची सवय असावी. घरातल्या माणसाला विचारल्यास आवाज येतो की नाही ते कळते. संध्याकाळी दुखणे वाढत असेल तर दिवसाच्या कामाकडे पाहावे. नाशिकमध्ये हे काम अनेक प्रकारचे असते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) चालू असताना मजूर स्त्रिया तासन् तास मांडवाखाली मान वर करून उभ्या असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जोडणीचे काम करणारा कामगार मान खाली घालून बसलेला असतो. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणारा पासधारक सकाळी बसल्या जागी डुलकी घेतो आणि त्याची मान कसाऱ्याच्या घाटापर्यंत एका बाजूला लोंबकळलेली असते. तिघांच्याही मानेवर पडणारा भार वेगळा आहे, म्हणून त्यांना सांगायचे व्यायामही एकसारखे नसतात.

कोणाकडे जायचे

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी केली. बहुतेक सगळ्या आजारांचे मूळ पाठीच्या कण्यात असते हा त्यांचा मूळ दावा आज विज्ञानाला मान्य नाही. पण सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांपुरती ही पद्धत अनेक देशांत टिकली आणि तिथे तिचे नियमनही झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रशिक्षणाबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तासांचे अध्यापन आणि त्यातील किमान १,००० तास देखरेखीखालील रुग्णसेवा अपेक्षित आहे.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी डॉक्टर किंवा दंतवैद्यांसारखी वैधानिक नोंदणी परिषद नाही. याचा अर्थ आठवडाअखेरची कार्यशाळा करून आलेला आणि परदेशात चार वर्षे शिकून आलेला, दोघेही दारावर एकच पाटी लावू शकतात. त्यामुळे विचारणा करण्याची जबाबदारी रुग्णावर येते. पदवी कोणती, कोणत्या संस्थेची, किती वर्षांची, जबड्याचे रुग्ण नियमित पाहता का, दंतवैद्याशी बोलून उपचार ठरवता का, मानेला झटका न देता उपचार करता येतील का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. या प्रश्नांनी चिडणाऱ्याकडे मान सोपवू नये.

नाशिकमध्ये बहुतेक वाचकांना पूर्णवेळ प्रशिक्षित कायरोप्रॅक्टर शोधण्यापेक्षा सांध्यांवर हाताने उपचार करण्याचे प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट शोधणे सोपे जाईल आणि माझ्या मते तेच अधिक शहाणपणाचे आहे. राज्यात फिजिओथेरपिस्टांसाठी वैधानिक परिषद आहे, नोंदणी क्रमांक विचारता येतो आणि म्हसरूळचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या विषयाच्या पदव्या देते. जबड्याच्या दुखण्यावर दोघेही जे उपयोगी उपचार करतात, ते बरेचसे सारखेच असतात. केशकर्तनालयात चंपीनंतर मान मोडून घेण्याची जुनी हौस अजूनही अनेकांना आहे. तिथे पूर्वतपासणी नसते, संमती नसते आणि मान किती वळवावी याचे भानही नसते. ज्याचा जबडा आणि मान आधीच दुखत आहे, त्याने ती हौस करू नये.

पहिली भेट कशी असावी

पहिल्या भेटीचा मोठा भाग बोलण्यात आणि तपासण्यात जायला हवा. जुने अपघात, संधिवात, ठिसूळ हाडे, कर्करोग, रक्त पातळ करण्याची औषधे, उच्च रक्तदाब, गर्भारपण, पूर्वीचा पक्षाघात यांची चौकशी व्हावी. कोणी न विचारल्यास रुग्णाने स्वतःहून सांगावे. आमवात असलेल्यांच्या मानेचे पहिले दोन मणके सैल झालेले असू शकतात आणि अशा मानेला झटका देणे घातक ठरते. यानंतर तोंड किती उघडते, जबडा बाजूला किती सरकतो, चावण्याचे स्नायू कुठे दुखरे आहेत, मानेच्या वरच्या सांध्यांची हालचाल किती आहे, हातांची ताकद आणि बधिरता, हे सारे तपासले जावे. सरसकट मानेचा एक्स-रे काढण्याची गरज नसते. तो कशासाठी हवा आहे हे विचारावे.

उपचारांत पुढील गोष्टी येतात. गाल, कानशील आणि मानेच्या ताठ स्नायूंवर बोटांनी दाब देऊन ते सैल केले जातात. हातमोजा घालून तोंडाच्या आतून गालाचा स्नायू सैल करण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती थोडी दुखते, पण सहन होण्यापलीकडे दुखता कामा नये आणि आधी सांगितल्याशिवाय कोणी तोंडात बोट घालू नये. खालच्या दाढांवर अंगठा ठेवून जबड्याचा सांधा हळूहळू खाली व पुढे ताणला जातो. मानेच्या वरच्या सांध्यांना लयीत, सावकाश आणि रुग्णाला केव्हाही थांबवता येईल अशा हलक्या हालचाली दिल्या जातात. काही छोट्या अभ्यासांत मानेच्या वरच्या भागावरील अशा उपचारांनंतर चावण्याच्या स्नायूंची दुखरी संवेदना तात्पुरती कमी झालेली दिसली आहे. काही कायरोप्रॅक्टर स्प्रिंग असलेल्या लहान उपकरणाने हलका ठोका देतात. आणि शेवटी तो प्रसिद्ध झटका, म्हणजे सांध्याला त्याच्या हालचालीच्या टोकाशी नेऊन दिलेला जलद, छोटा धक्का. त्या वेळी येणारा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना येतो. मणका जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे आणि आवाज आला नाही म्हणून उपचार वाया गेला असेही नव्हे.

या झटक्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना मानेच्या झटक्यानंतर नोंदल्या गेलेल्या आहेत. असे क्वचितच घडते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या विषयावर निवेदन काढले. झटक्यामुळेच चीर पडते असे सिद्ध झालेले नसले, तरी दोहोंत संबंध दिसतो आणि म्हणून उपचारापूर्वी रुग्णाला ही माहिती दिली जावी, असे त्यात म्हटले आहे. गुंतागुंत अशी की, ज्याच्या रक्तवाहिनीला आधीच चीर पडलेली आहे त्याचीही मान दुखते आणि तो मान दुखते म्हणूनच उपचारासाठी जातो. त्यामुळे पूर्वी कधीच न अनुभवलेले, अचानक सुरू झालेले, एका बाजूचे तीव्र मानेचे किंवा डोक्यामागचे दुखणे असेल, तर झटका घेऊच नये, रुग्णालयात जावे. उपचारानंतर चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे, चेहऱ्याचा किंवा अंगाचा बधिरपणा, तोल जाणे, एका डोळ्याची पापणी खाली पडणे, असे काही झाल्यास घरी विश्रांती न घेता लगेच रुग्णालय गाठावे.

झटका नको असे स्पष्ट सांगण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. तो टाळूनही जबड्यासाठी करण्यासारखे पुष्कळ उरते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२३ मध्ये जबड्याच्या सांध्याशी संबंधित जुनाट वेदनेवर मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत जबड्याची हाताने दिलेली हळुवार हालचाल, दुखऱ्या बिंदूंवरील दाब, देखरेखीखालील जबड्याचे व मान-पाठीचे व्यायाम, मानसिक ताणाशी जुळवून घेण्याचे समुपदेशन आणि घरच्या घरी करण्याचे व्यायाम यांची ठाम शिफारस आहे. झटक्याच्या उपचारांबाबतची शिफारस अनुकूल असली तरी सशर्त आहे. चाव्यात कायमचा बदल घडवणाऱ्या, दातांवर बसवायच्या प्लेट आणि सांध्यातील चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांच्या विरोधात त्यांनी स्पष्ट मत दिलेले आहे. रात्री घालायच्या काढता येणाऱ्या प्लेटचा वेदनेवर फारसा भरवसा या शिफारशींनी दाखवलेला नाही. परंतु झोपेत दात खाऊन दात झिजत असतील तर त्यांचे रक्षण हा वेगळा हेतू आहे आणि त्याबाबत दंतवैद्याचे ऐकावे.

घरी रोज करायचे

क्लिनिकमधील अर्ध्या तासापेक्षा उरलेले साडेतेवीस तास महत्त्वाचे असतात. सुरुवात जबड्याच्या विश्रांतीच्या स्थितीपासून करावी. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूला हलके टेकलेले, ओठ मिटलेले, आणि वरचे व खालचे दात एकमेकांना न टेकलेले. दात केवळ चावताना आणि गिळताना टेकायला हवेत. दिवसभरात आपण किती वेळा दात आवळून धरतो हे लक्षातच येत नाही, म्हणून त्याला एखादी खूण जोडावी. द्वारका चौकात गाडी अडकली की, मोबाइलची घंटी वाजली की, संगणकावर नवी फाइल उघडली की दात सुटे आहेत का ते पाहायचे. सोपी वाटणारी ही सवय अनेकांच्या बाबतीत सर्वांत जास्त गुण देते आणि तिला कंटाळणारेही सर्वांत जास्त असतात.

दुसरा व्यायाम त्याच स्थितीतून. जीभ टाळूला टेकवून ठेवूनच तोंड सावकाश उघडायचे आणि मिटायचे, आरशात पाहून हनुवटी सरळ रेषेत ठेवायची. जीभ टाळूला असल्यामुळे तोंड गरजेपेक्षा जास्त उघडत नाही आणि चकतीवर ताण येत नाही. मग हनुवटीवर दोन बोटे ठेवून, जबडा न हलवता, डावीकडे, उजवीकडे आणि खालून वर अगदी हलका दाब द्यायचा आणि जबड्याने तेवढाच प्रतिकार करायचा. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांनी रूढ केलेल्या पद्धतीत असे सहा व्यायाम, प्रत्येकी सहा वेळा, दिवसातून सहादा करतात. नोकरी सांभाळून सहादा जमणे अवघड आहे. तीनदा नियमाने केले तरी सुरुवात चांगली होते.

मानेसाठी भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे आणि हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्यावी, जणू डोक्याचा मागचा भाग भिंतीला लावायचा आहे. पाच सेकंद धरावे, सोडावे, असे दहा वेळा. सोबत दोन्ही खांदे मागे-खाली आणण्याचा व्यायाम करावा. या हालचालींत किंचित ताण जाणवणे ठीक आहे. कळ हातात उतरली, चक्कर आली किंवा दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले, तर थांबून विचारावे. गालावर आणि मानेवर दिवसातून दोनदा १५ ते २० मिनिटे गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक पुरेसा असतो.

खाण्यात दोन-तीन आठवडे थोडी तडजोड करावी लागते. कडक चिवडा, भाजलेले चणे, ऊस, हुरडा, चिवट मांस आणि च्युइंगम बाजूला ठेवावेत. वरण-भात, खिचडी, उपमा, दुधात कुस्करलेली भाकरी चालेल. मिसळ खायचीच असेल तर फरसाण रश्श्यात मऊ होऊ द्यावे. उलटा वडापाव मोठा आ वासून खाण्याऐवजी तुकडे करून खावा. दोन्ही बाजूंनी चावावे, जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी आणि दंतवैद्याकडे दीर्घ उपचार असल्यास मध्ये मध्ये तोंड मिटण्याची मुभा आधीच मागून घ्यावी. मऊ आहार कायमचा करू नये, कारण स्नायूंना हळूहळू काम परत द्यावे लागते.

झोपताना पोटावर झोपणे टाळावे, कारण त्यात मान रात्रभर एकीकडे वळलेली राहते. उशी एवढी असावी की कुशीवर असताना नाक छातीच्या मध्यरेषेत येईल. द्राक्षबागेत घड डोक्यावर न येता डोळ्यांसमोर येईल असे एक पाऊल मागे उभे राहावे आणि दर अर्ध्या तासाने हात खाली घेऊन मान सैल सोडावी. रेल्वेत डुलकी घ्यायचीच असेल तर मानेभोवतीची उशी उपयोगी पडते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा उतरतो तेव्हा सकाळी दुचाकीवर जाणारे लोक थंडीने नकळत दात आवळतात. हेल्मेटखाली मफलर किंवा गळपट्टी घेतल्याने मानही उबदार राहते.

किती दिवस, आणि केव्हा थांबायचे

सुरुवातीला आठवड्याला एक किंवा दोन भेटी आणि चार ते सहा आठवडे हा पुरेसा अवधी आहे. पहिल्या दोन आठवड्यांत वेदना, तोंड उघडण्याचे मिलिमीटर, सकाळचा ताठरपणा आणि खाताना होणारा त्रास यांपैकी काहीतरी बदलायला हवे. बदल होत असेल तर भेटी कमी करत घरच्या व्यायामांवर भर वाढवावा. पहिल्याच दिवशी चाळीस-पन्नास बैठकांचे पॅकेज आगाऊ भरायला लावणारे, ‘दर महिन्याला मणके बसवून घ्यावेच लागतात’ असे सांगणारे किंवा आवाजावर उपचारांचे यश मोजणारे क्लिनिक सोडून द्यावे. कामाच्या ताणामुळे किंवा घरातील काळजीमुळे दात आवळले जात असतील, तर समुपदेशनाची गरज सांगणारा उपचारक प्रामाणिक समजावा.

सहा आठवड्यांनंतरही आकडे जिथल्या तिथे असतील, तर मानेवरचे उपचार थांबवून मुखशल्य तज्ज्ञाची वेळ घ्यावी. नोंदवही, आधीचे एक्स-रे, औषधांची यादी आणि कोणते उपचार किती वेळा झाले याची टिपणे सोबत न्यावीत. चकती अडकल्याची शंका असेल तर ते सांध्याचा एमआरआय सुचवतात; तो तोंड मिटलेल्या आणि उघडलेल्या अशा दोन्ही स्थितींत काढावा लागतो, म्हणून चिठ्ठीवर तसे लिहून घ्यावे आणि तपासणी केंद्रात ती सोय आहे का, हे दूरध्वनीवरून आधीच विचारावे.